७८ रेखांशावरची खोटी दरी : क्यूजीआयएसच्या त्रिमितीय नकाशात जमीन फाटते तेव्हा

मोर्शी तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाच्या कामाचा आराखडा ग्रामपंचायतीच्या सभागृहात भिंतीवर दाखवत होतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीची माहिती भरून गाव, नाले आणि सातपुड्याचा पायथा असे त्रिमितीय दृश्य तयार केले होते. दृश्य फिरवताच गावाच्या पश्चिमेला दक्षिणोत्तर पसरलेली, सरळ कडांची खोल दरी दिसू लागली. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून भिंतीजवळ गेले, त्या दरीवर बोट ठेवून म्हणाले, "हे दरी कुठून आली भाऊ? तेथं तं माहा संत्र्याचा बगीचा आहे." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या जागी उतार जेमतेम आहे आणि दरी अजिबात नाही.

त्यानंतर ही तक्रार अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत काम करणाऱ्या अनेक सहकाऱ्यांकडून माझ्यापर्यंत आली आहे. कोणाला दरी दिसते, कोणाला भिंत, कोणाला आकाशात घुसलेले सुळके, तर कोणाला भाकरीसारखी सपाट जमीन. प्रत्येक जण प्रथम त्रिमितीय खिडकीच्या सेटिंगमध्ये दोष शोधतो, लॅपटॉपच्या ग्राफिक्सवर शंका घेतो आणि सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो. माझ्या अनुभवाने दोष बहुतेक वेळा त्या खिडकीच्या अलीकडे, उंचीचे रास्टर, म्हणजे प्रत्येक चौकोनी कोशात एकेक उंची असलेली जाळी, तयार करतानाच्या एखाद्या पायरीत असतो, आणि तो डोळ्यांनी शोधण्यापेक्षा आकड्यांनी शोधला तर लवकर सापडतो.

आपल्याच भागात हे इतके का होते

उंचीची जागतिक माहिती एक अंश रुंद आणि एक अंश उंच अशा चौकोनी टाइलमध्ये मिळते. एसआरटीएमच्या (अवकाशयानातल्या रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीच्या) टाइलला तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून नाव दिलेले असते. म्हणजे एन२१ई०७७ ही टाइल २१ ते २२ अक्षांश आणि ७७ ते ७८ रेखांश एवढा भाग व्यापते आणि तिच्या पूर्वेला एन२१ई०७८ सुरू होते. या दोन टाइलमधली शीव ७८ रेखांशावर पडते, आणि मोर्शी गाव जवळपास त्या रेषेवरच वसलेले आहे.

योगायोग असा की हाच रेखांश यूटीएम प्रक्षेपणातल्या (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरांत मांडण्याच्या पद्धतीतल्या) ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांचीही सीमा आहे. प्रत्येक पट्टा सहा अंशांचा असतो. ४३वा पट्टा ७२ ते ७८ आणि ४४वा ७८ ते ८४ रेखांशांचा. म्हणजे बुलडाणा, अकोला आणि अमरावती ही शहरे ४३ मध्ये, तर यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली ४४ मध्ये. पुण्यात किंवा नाशकात बसून जो नकाशा तयार करतो त्याला पट्ट्याची सीमा कधी आडवी येत नाही, म्हणून तिकडे तयार झालेल्या मार्गदर्शक पायऱ्या आपल्याकडे जशाच्या तशा वापरल्या की अडचण होते. टाइलची शीव आणि पट्ट्याची सीमा एकाच रेषेवर असल्यामुळे वऱ्हाडात या रेषेवर काम करणाऱ्याला दोन्ही दोष एकदम भेटतात आणि ते एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे ओळखू येत नाहीत.

दरी कशी तयार होते

माझ्या चुकीची साखळी अशी होती. मला दोन्ही टाइल टिफ स्वरूपात मिळाल्या होत्या. मी प्रत्येक टाइल स्वतंत्रपणे अंशांतून यूटीएम ४४ मध्ये बदलली आणि नंतर 'मर्ज' वापरून दोन्ही जोडल्या. पाहायला हा क्रम निर्दोष वाटतो.

पण पट्ट्याच्या कडेला उत्तर दिशा आणि प्रक्षेपणाच्या चौकटीची उभी रेषा एक नसतात. ४४व्या पट्ट्याचा मध्य रेखांश ८१ आहे; तिथून तीन अंश दूर, २१ अक्षांशाच्या आसपास, रेखांशाची रेषा चौकटीच्या तुलनेत सुमारे एक अंशाने कललेली असते. म्हणून बदललेली टाइल किंचित तिरकी बसते, पण रास्टर तर नेहमी सरळ आयतच असतो. तिरकी टाइल आणि सरळ आयत यांच्या मध्ये कडेने लांब, निमुळत्या पाचरी उरतात. एक अंश, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर उंचीच्या टाइलमध्ये ही पाचर एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला दोन किलोमीटरांहून थोडी अधिक रुंद होते.

त्या पाचरीत माहिती नसते. माहिती नाही हे सांगण्यासाठी रास्टरमध्ये 'नोडेटा' अशी खूण असते. माझ्या टिफमध्ये ती खूण नव्हती, त्यामुळे त्या जागा शून्याने भरल्या गेल्या. पुढे 'मर्ज' करताना नंतरची टाइल आधीच्या टाइलवर चढते, आणि तिच्या पाचरीतले शून्य खालच्या टाइलमधल्या खऱ्या उंचीवर बसते. साडेतीनशे मीटरांच्या आगेमागे असलेल्या जमिनीत समुद्रसपाटीपर्यंत खोल खंदक पडतो तो असा. खूण असेल तरी सुटका नाही, कारण 'मर्ज'ला ती वेगळी सांगितली नाही तर −३२७६८ हा आकडाही खरी उंची म्हणून चिकटवला जातो, आणि मग खंदक इतका खोल होतो की बाकीचे सारे दृश्य त्यापुढे सपाट भासते.

निदानासाठी एक उपयोगी गोष्ट येथे आहे. पूर्वेची टाइल वर असेल तर पाचर ७८ रेखांशाच्या पश्चिमेला पडते आणि उत्तरेकडे रुंदावत जाते; मोर्शीच्या अक्षांशावर ती साधारण सातशे मीटर रुंद भरते. पश्चिमेची टाइल वर असेल तर पाचर रेषेच्या पूर्वेला जाते आणि दक्षिणेकडे रुंद होते. मर्जमध्ये फायलींचा क्रम बदलल्यावर दरी रेषेच्या दुसऱ्या बाजूला गेली, तर कारण हेच आहे, दुसरे शोधण्याची गरज नाही. "काल दरी इकडे होती, आज तिकडे आहे" असे एका सहकाऱ्याने मला चकित होऊन सांगितले होते. त्याने मधल्या काळात फक्त फायलींची नावे बदलली होती.

आधी आकडे पाहा

त्रिमितीय खिडकी बंद ठेवून साध्या नकाशात 'आयडेंटिफाय' या साधनाने चार जागी उंची वाचावी. आमच्या तालुक्यात यासाठी अप्पर वर्धा धरणासारखी दुसरी चांगली जागा नाही. सिंभोऱ्याजवळच्या या धरणाची पूर्ण संचय पातळी ३४२.५० मीटर आहे आणि पावसाळ्यात ती बातम्यांमधून घरोघरी पोहोचलेली असते. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून अकरा दिवसांत झाली, त्यामुळे रास्टरमधला आकडा त्या वेळच्या पाण्याचा असेल आणि पूर्ण पातळीशी तंतोतंत जुळणार नाही. तरीही तो तीनशेच्या वर आणि साडेतीनशेच्या आत असायला हवा. शून्य आले तर नोडेटाचा दोष. −३२७६८ आले तर खूण हरवल्याचा किंवा ती 'मर्ज'ला न सांगितल्याचा दोष. दोनशे सत्तर-ऐंशीच्या घरात आकडा आला तर तो तिसराच दोष आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

उंचीनंतर पूर्व-पश्चिम अंतराचा आकडा पाहावा, जो खिडकीच्या तळाशी माउसबरोबर बदलत असतो. मोर्शीवर माउस ठेवला असता ४४व्या पट्ट्यात हा आकडा एक लाख नव्वद हजारांच्या आसपास आणि ४३व्या पट्ट्यात आठ लाख अकरा-बारा हजारांच्या आसपास येतो. ७८.०१ असा आकडा दिसला तर प्रकल्प अजून अंशांतच आहे.

याच आकड्यावरून आणखी एक घोटाळा उघडा पडतो. काही जण काटेकोरपणे पश्चिमेची टाइल ४३ मध्ये आणि पूर्वेची ४४ मध्ये बदलतात. साध्या नकाशात दोन्ही शेजारी नीट बसलेल्या दिसतात, कारण क्यूजीआयएस दाखवताना त्यांना आपोआप एका प्रक्षेपणात आणते. 'मर्ज' मात्र ते पाहत नाही, केवळ आकडे पाहते. पश्चिमेची टाइल सात लाखांच्या पुढे आणि पूर्वेची तीन लाखांच्या आत असल्यामुळे जोडलेल्या रास्टरमध्ये पूर्वेचा भाग पश्चिमेला जातो आणि दोहोंच्या मध्ये चारशे किलोमीटरांहून अधिक रिकामी जागा राहते. फाइल अवाढव्य झाली, त्रिमितीय दृश्यात दूरदूर दोन बेटे दिसू लागली आणि धरण गावाच्या चुकीच्या बाजूला गेले, तर हेच झाले आहे असे समजावे.

दुरुस्तीचा क्रम

क्रमच येथे औषध आहे: आधी जोडणे, मग प्रक्षेपण बदलणे, आणि कापणे सगळ्यात शेवटी.

मूळ टाइल अंशांतच असू द्याव्यात. एसआरटीएमची एक सेकंदाची (म्हणजे सुमारे ३० मीटरला एक उंची असलेली) एचजीटी फाइल उघडली नाही किंवा अर्धी दिसली तर प्रथम तिचा आकार बाइटमध्ये पाहावा. ३६०१ गुणिले ३६०१ आकडे आणि प्रत्येकाला दोन बाइट, म्हणून ती नेमकी २,५९,३४,४०२ बाइटची असते. तीन सेकंदाची फाइल १२०१ च्या हिशेबाने २८,८४,८०२ बाइटची. आमच्याकडे लाइट गेली की मोबाइलचा मनोराही कधी कधी बंद पडतो आणि डाउनलोड मध्येच तुटते, पण फाइलचे नाव मात्र पूर्ण दिसते. अशा तुटक्या फाइलवर दोन दिवस घालवलेले लोक मला ठाऊक आहेत. तसेच एचजीटी फाइलचे नाव बदलून 'मोर्शी' करू नये. त्या फाइलच्या आत स्थानाची कोणतीही नोंद नसते. सॉफ्टवेअर केवळ नावावरून तिची जागा ठरवते.

जोडण्यासाठी 'मर्ज' ऐवजी रास्टर मेनूतील 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' वापरावे. त्याने नवीन मोठी फाइल तयार होत नाही, टाइल कोठे आहेत एवढी नोंद असलेली छोटी फाइल तयार होते, आणि नोडेटाची खूण असेल तर तिचा मान राखला जातो. निरनिराळ्या प्रक्षेपणांतल्या टाइल दिल्या तर ते इशारा देऊन त्या वगळते, हाही फायदाच. मात्र या खिडकीत 'प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये ठेवा' अशा अर्थाची एक चौकट आधीपासून खूण केलेली असते. ती खूण काढलीच पाहिजे. ती राहिली तर पहिली टाइल पहिल्या बँडमध्ये, म्हणजे रास्टरच्या पहिल्या थरात, आणि दुसरी टाइल दुसऱ्या बँडमध्ये जाते, त्रिमितीय दृश्य फक्त पहिला बँड वाचते, आणि निम्मा तालुका नाहीसा होतो. व्हर्च्युअल रास्टर वापरूनही अर्धी जमीन गायब आहे असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा मी प्रथम हीच चौकट विचारतो.

मग 'वार्प' करावे, म्हणजे प्रक्षेपण बदलावे, एकदाच. लक्ष्य प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४४, म्हणजे यूटीएम ४४ उत्तर. नोडेटासाठी −९९९९ स्पष्ट लिहावे, रिझोल्यूशन ३० लिहावे, आणि रिसॅम्पलिंगमध्ये (नव्या कोशांची उंची काढण्याच्या पद्धतीत) आधीपासून असलेला 'निअरेस्ट नेबर' बदलून 'बायलिनिअर' किंवा 'क्युबिक' निवडावे. दोन्ही टाइल जोडून एकच झाल्यामुळे आता पाचर उरली तरी ती बाहेरच्या कडेला उरते, गावाच्या मधोमध नाही.

रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या तालुक्यासाठी कोणता पट्टा घ्यावा हा प्रश्न वारंवार येतो. काम ज्या बाजूला जास्त आहे तो पट्टा घ्यावा आणि सगळे त्याच पट्ट्यात ठेवावे. सीमेपलीकडे वीस-तीस किलोमीटर गेल्याने फार बिघडत नाही. ७८ रेखांशावर यूटीएमचे अंतर प्रत्यक्षापेक्षा किलोमीटरमागे सुमारे ८० सेंटीमीटर अधिक येते, तेवढे दोन्ही पट्ट्यांत येणारच. पण बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळा विदर्भ ४४ मध्ये बसवला तर बुलडाण्याकडे हा फरक किलोमीटरमागे तीन मीटरांच्या आसपास जातो. दृश्यासाठी चालेल, परंतु त्या रास्टरवरून क्षेत्रफळ काढून अंदाजपत्रकात लिहू नये.

सर्वांत शेवटी गावाच्या किंवा पाणलोटाच्या हद्दीने कापावे, आणि कापतानाही 'क्लिप'च्या खिडकीत नोडेटाचा आकडा द्यावा. तो दिला नाही तर हद्दीबाहेर शून्य भरले जाते आणि गाव एखाद्या उंच ओट्यावर ठेवल्यासारखे दिसते. शक्यतो हद्दीपेक्षा एक-दोन किलोमीटर अधिक भाग ठेवावा, कारण गावातले पाणी गावाच्या हद्दीत सुरू होत नाही.

सुळके आणि काटे

हरवलेल्या खुणेचा एक प्रकार असा आहे की तो नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. एचजीटी फाइल थेट उघडली तर −३२७६८ म्हणजे रिकामी जागा हे सॉफ्टवेअरला माहीत असते. तीच माहिती कोणी टिफ करून पाठवली असेल तर ही खूण वाटेत गळून पडलेली असू शकते. अशा रास्टरवर बायलिनिअर पद्धतीने वार्प केले की ३५० आणि −३२७६८ यांची सरासरी काढली जाते, आणि रिकाम्या जागेच्या कडेने −८,०००, −१६,००० असे अनेक खोटे आकडे तयार होतात. आता कितीही वेळा −३२७६८ ला नोडेटा ठरवले तरी ते मधले आकडे राहतात आणि दृश्यात विहिरीच्या काठासारखे तुटक काटे दिसतात. उपाय एकच : मागे जाऊन मूळ रास्टरवर खूण लावायची आणि वार्प नव्याने करायचे. रास्टरच्या गुणधर्मांत किमान मूल्य ऋण दिसले तर विदर्भात ते खरे असूच शकत नाही, हे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरे सुळके अंशांमुळे येतात. क्यूजीआयएसची स्वतःची त्रिमितीय खिडकी अंशांतल्या प्रकल्पाला सहसा नकार देते, पण 'क्यूजीआयएस टू थ्रीजेएस' या प्लगइनमध्ये असे दृश्य तयार होऊ शकते. तेथे आडवे माप अंशांत आणि उभे मीटरांत राहिले तर एक अंश रुंद जमिनीवर साडेतीनशे एकक उंचीचे खांब उभे राहतात. छायाचित्रासारखा उठाव दाखवणाऱ्या 'हिलशेड'मध्येही हाच गोंधळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतो. तेथे प्रमाणाच्या रकान्यात ११११२० लिहून तात्पुरते भागते, पण रेखांशाचा अंश आपल्या अक्षांशावर सुमारे १०४ किलोमीटरच असल्यामुळे ते फक्त अंदाजे आहे. मीटरांतले रास्टर वापरणे हाच सरळ मार्ग.

सरळ कडा असलेला कडा

पाचर नाही, शून्य नाही, तरी ७८ रेखांशावर एका बाजूची सगळी जमीन दुसऱ्या बाजूपेक्षा सारख्या उंचीने खाली बसली आहे, असे असेल तर दोन टाइल दोन वेगळ्या स्रोतांच्या आहेत का ते पाहावे. एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या जिऑइड-प्रतिमानावरून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीवरून मोजलेली असते. कोपर्निकस या युरोपीय उंची-माहितीची ईजीएम २००८ वरून. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोड-प्रतिमांपासून तयार झालेले आणि भुवन या संकेतस्थळावरून मिळणारे कार्टोडीईएम मात्र डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलावरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून, उंची देते. भारतात तो लंबगोल समुद्रसपाटीच्या बराच वर आहे आणि विदर्भात हा फरक साठ-सत्तर मीटरांचा भरतो. म्हणूनच धरणावर दोनशे सत्तर-ऐंशीचा आकडा येतो. कार्टोडीईएम चुकीचे आहे असे मुळीच नाही. त्याची पायरी वेगळी आहे एवढेच. एका दृश्यात एकच स्रोत ठेवावा.

तासांसारख्या रेषा आणि पायऱ्या

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात किंवा वर्धेच्या काठच्या सपाट काळ्या रानात दृश्य उभे केले की जमिनीवर पेरणीच्या तासांसारख्या समांतर रेषा उमटतात. हा 'निअरेस्ट नेबर'चा परिणाम आहे: तिरक्या चौकटीत बसवताना काही ओळी दोनदा येतात आणि काही गळतात. बायलिनिअरने वार्प केल्यास त्या जातात.

पायऱ्या मात्र त्याने पूर्ण जात नाहीत. एसआरटीएम उंची पूर्ण मीटरांत साठवते, ३४१, ३४२, ३४३ अशी. मधले काही नसते. जेथे उतार किलोमीटरमागे एक-दोन मीटरच आहे तेथे अनेक कोशांना एकच आकडा मिळतो आणि मग एकदम एक मीटरची पायरी येते. त्यातच उठाव दिसावा म्हणून व्हर्टिकल स्केल (उंची किती पट वाढवून दाखवायची ते) दहा केले की एक मीटरची पायरी दहा मीटरांची दिसते. अशा ठिकाणी कोपर्निकसचे ३० मीटरचे रास्टर वापरावे. त्यातली उंची दशांशांत असते आणि अचूकताही अधिक आहे. पायऱ्या घालवण्यासाठी रास्टर वारंवार गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, कारण त्यात नाल्याचे खोलगट सगळ्यात आधी पुसले जाते.

खिडकीतलीच कारणे

जमीन पूर्णपणे सपाट दिसत असेल आणि आकडे सगळे बरोबर असतील, तर 'टेरेन'च्या सेटिंगमध्ये प्रकार 'फ्लॅट' राहिला आहे का पाहावे. नवीन प्रकल्पात तो तसाच असतो, तो बदलून 'डीईएम' करावा आणि रास्टर निवडावे. विहिरी किंवा बंधाऱ्यांचे ठिपके दिसेनासे झाले असतील तर त्यांचे 'अल्टिट्यूड क्लॅम्पिंग' अ‍ॅब्सोल्यूटवर असेल. म्हणजे ते शून्य मीटरवर, जमिनीच्या साडेतीनशे मीटर खाली आहेत. तेथे 'टेरेन' निवडावे. दृश्याच्या अगदी बाहेरच्या काठाला दिसणारी बारीक उभी भिंत हा दोष नाही. लहान-मोठ्या तपशिलाच्या तुकड्यांमधल्या फटी झाकण्यासाठी सॉफ्टवेअर ती मुद्दाम लावते आणि 'स्कर्ट'ची उंची कमी केली की ती कमी होते.

सेटिंगबद्दलच शंका वाटू लागली की मी आमच्या गावाऐवजी लोणारचे विवर उघडतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरांच्या आसपास खोल असे ते वाटीसारखे विवर ३० मीटरच्या रास्टरमध्ये साठेक कोश रुंद भरते आणि व्हर्टिकल स्केल एकवर ठेवूनही स्पष्ट दिसते. तेथे वाटी नीट दिसली तर खिडकी ठीक आहे आणि दोष माझ्या रास्टरमध्ये आहे. लोणार ४३व्या पट्ट्यात, सीमेपासून बरेच आत असल्यामुळे तेथे पट्ट्याचा घोळही नाही. फक्त विवर २० अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे एन१९ई०७६ ही टाइल घ्यावी. विवराच्या उत्तरेचा परिसरही हवा असेल तर एन२०ई०७६ जोडावी लागते.

दुरुस्तीनंतरही जे दिसणार नाही

दरी गेल्यावर मी तेच दृश्य पुन्हा त्या सभागृहात दाखवले. बगीच्याच्या जागी सपाट जमीन आली होती आणि आजोबांनी मान हलवली, पण त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: त्यांच्या शेताचा धुरा (बांध) कुठे आहे? धुरा दिसत नव्हता आणि दिसणारही नाही. तीस मीटरच्या एका कोशात धुरा, पायवाट आणि चार-पाच मीटर रुंदीचा नाला यांची मिळून एकच उंची असते. शिवाय ही उंची रडारने वरून टिपलेली असल्यामुळे दाट संत्राबाग काही प्रमाणात उंचवट्यासारखी उतरते, आणि मेळघाटातल्या सागाच्या जंगलात हे अधिक होते. म्हणून नाला खोलीकरणाची जागा या दृश्यावरून ठरवू नये. पाणी कोणत्या बाजूने येते आणि कोणत्या टेकडीचा उतार कोणत्या नाल्यात जातो एवढे ते भरवशाने सांगते. त्यापुढची उंची लेव्हल लावून शेतात मोजावी लागते. आम्ही तसेच केले; त्या धुऱ्यावर सात जागी काठी धरली, आणि ते सात आकडे आता प्रकल्पात वेगळा थर म्हणून आहेत, 'टेरेन'ला चिकटवलेले, प्रत्येकाच्या शेजारी मोजल्याची तारीख लिहिलेली.